गरी (पूर्वीचे फ्रेझर) बेटावरील छायाचित्रण सहल : महिना कोणता निवडावा आणि चार रात्री पुरतील का?

निळाई

नमस्कार. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ असलेल्या गरी बेटावर केवळ छायाचित्रे काढण्यासाठी जायचे, असे आम्ही दोघी बहिणींनी ठरवत आणले आहे. सुमारे १२० किलोमीटर लांबीचे हे जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट असून १९९२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, एवढा अभ्यास झाला आहे. बेटावर चार रात्री मिळतील.

प्रकाशाच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपवरून मी तासवार तक्ता तयार केला आहे. पूर्वेच्या पंच्याहत्तर मैल किनाऱ्यावर 'महेनो' जहाजाच्या सांगाड्यापाशी सूर्योदय, त्यानंतर रंगीत वाळूचे पिनॅकल्स कडे, दुपारी ईलाय ओढा आणि संध्याकाळी पुन्हा त्याच किनाऱ्यावर समुद्रात बुडणारा सूर्य, असा पहिला दिवस आहे. दुसरा दिवस मॅकेन्झी तळ्यासाठी आणि एक रात्र आकाशगंगेसाठी ठेवली आहे. महिना कोणता निवडावा, चार रात्री पुरतील का आणि कोणत्या लेन्स न्याव्यात, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

भिंगरी

तक्ता चांगला आहे, फक्त पूर्वेच्या किनाऱ्यावर समुद्रात बुडण्यासाठी सूर्याची वेगळी परवानगी काढावी लागेल.

निळाई

भिंगरी, हसून झाल्यावर मी तो तक्ता बहिणीला न दाखवता बदलला आहे. सूर्यास्तासाठी पश्चिमेला जावे लागणार, हे मान्य. आता गंभीर सूचना येऊ द्याव्यात.

दक्षिणायन

मी ब्रिस्बेनला राहतो आणि या बेटावर सहा वेळा जाऊन आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या तक्त्यातील खरी अडचण सूर्यास्ताची नाही. तुम्ही सगळे वेळापत्रक प्रकाशावर बेतले आहे आणि या बेटावर ते आधी भरतीवर बेतावे लागते. पूर्वेकडे ज्या किनाऱ्यावर तुम्ही छायाचित्रे काढणार, तोच तुमचा रस्ताही आहे. त्याला कायद्याने रस्त्याचा दर्जा आहे, ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा आहे आणि काही भागांत त्यावर छोटी विमानेही उतरतात. मात्र भरतीच्या वेळी हा रस्ता पाण्याखाली जातो. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास किनाऱ्यावर गाडी घालू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. समजा, सकाळी ८ वाजता भरती आहे, तर ६ ते १० या वेळेत तुम्ही जिथे असाल तिथेच अडकाल. जुलैमध्ये तिकडे सूर्य साडेसहाच्या थोडे नंतर उगवतो, म्हणजे महेनोचा सूर्योदय त्या दिवशी हातून गेलाच म्हणून समजा.

त्यामुळे प्रवासाच्या तारखा पक्क्या करण्यापूर्वी त्या आठवड्याचा भरती-ओहोटीचा तक्ता उघडावा आणि मगच प्रकाशाचे ॲप पाहावे. उलट्या क्रमाने केलेले नियोजन माझ्या दोन सहलींत पार कोलमडले आहे.

ओलीवाळू

दक्षिणायन यांच्याशी पूर्णपणे सहमत आहे. भर एवढीच घालतो की ओहोटी असली म्हणजे किनारा सपाट असेलच, असे नाही. बेटाच्या आतून येणारे ओढे वाळू कापत समुद्राला मिळतात आणि त्यांच्या काठांवर कधी कधी गुडघाभर उंचीच्या उभ्या पायऱ्या तयार होतात. समोरून, विशेषतः सपाट प्रकाशात, त्या दिसतच नाहीत. आमच्या चालकाला एक पायरी अगदी शेवटच्या क्षणी दिसली. गाडी वाचली, पण मागच्या आसनावर उघडी ठेवलेली कॅमेऱ्याची पिशवी छताला लागून खाली आली आणि ७०-२०० मिमी लेन्सचे माउंट (कॅमेऱ्याला जोडणारे कडे) वाकले. चूक माझीच होती, कारण 'वाटेत काही दिसले तर' म्हणून पिशवीची चेन मीच उघडी ठेवली होती.

खाडीकाठ

विषय भरतीवर आलाच आहे, तर आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना राहवत नाही. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब कोकण किनाऱ्यापुरताच खरा आहे, तो क्वीन्सलँडला लावून कोणी गाडी बुडवू नये. मात्र त्यामागचे तत्त्व सगळीकडे चालते. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाची भरती एखाद्या ठिकाणी घड्याळात जवळजवळ ठरावीक वेळीच येते आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, ती वेळ सहा तासांनी सरकलेली असते.

आता यातून निळाईताईंच्या कामाची गोष्ट सांगतो. आकाशगंगेच्या लोभाने सगळे छायाचित्रकार अमावास्या निवडतात. अमावास्येला त्या किनाऱ्यावरची भरती सकाळ-संध्याकाळी आठच्या आसपास येत असेल, तर सूर्योदय आणि रात्रीचा पहिला प्रहर हे दोन्ही पाण्यात जातात. त्याऐवजी वद्य अष्टमीच्या आसपास गेले, तर भरती दोनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी व रात्री आठच्या सुमारास येईल. चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवणार असल्याने त्याआधीचे आकाश काळेभोर मिळेल. शुद्ध अष्टमीला भरतीच्या वेळा तशाच मिळतील, पण चंद्र संध्याकाळीच डोक्यावर येऊन बसेल. प्रत्यक्ष वेळा अर्थातच तिथल्या तक्त्यावरून ताडून पाहाव्यात.

दक्षिणायन

खाडीकाठ, मी इतकी वर्षे तक्ते चाळत बसलो आणि तुम्ही पंचांगातून उत्तर काढलेत. वेळांचा तुमचा अंदाज तिथल्या तक्त्याच्या फार दूर जाणार नाही, असे वाटते. शिवाय त्या दिवशी दुपारचे चार तास किनारा बंद राहणार असल्याने तळी पाहायला आत शिरण्याची वेळही आपोआप ठरते.

अर्धाकप

म्हणजे आता विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी भटजींना विचारावे लागणार.

जुनाफिल्मवाला

आकाशगंगेविषयी एक दुरुस्ती सुचवतो. त्या अक्षांशावर आकाशगंगेचे केंद्र जवळजवळ डोक्यावरून जाते. जुलैच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास ते माथ्याशी असते. डोळ्यांना हे दृश्य अप्रतिम वाटते, पण जहाजाचा सांगाडा आणि आकाशगंगेचे केंद्र एकाच चौकटीत बसवायचे असेल, तर ती वेळ निरुपयोगी आहे, कारण मान मोडून वर पाहिल्यावर खालचे जहाज कुठून येणार? सूर्य पाचच्या थोडे नंतर मावळतो आणि साडेसहापर्यंत पूर्ण अंधार होतो. त्या वेळी केंद्र आग्नेयेच्या बाजूला, साधारण ४० अंशांवर, म्हणजे समुद्राच्या वर असते. सांगाड्याच्या जमिनीकडील बाजूला उभे राहून, रुंद लेन्स उभी धरून, तो तासभर साधावा. खाडीकाठांची रात्री आठची ओहोटी याच्याशी नेमकी जुळते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या छायाचित्रकारांना हमखास चकवते. दक्षिण गोलार्धात सूर्य दुपारी उत्तरेकडे असतो आणि आकाशात उजवीकडून डावीकडे सरकतो. सावली कुठे पडेल, याचा आपला अंगवळणी पडलेला अंदाज तिथे नेमका उलटा निघतो. पहिल्या दिवशी मी एका झाडाच्या 'सावलीच्या बाजूला' कॅमेरा लावून बसलो आणि अर्ध्या तासाने लेन्समध्ये थेट ऊन शिरले.

रानपाखरू

अंधारात किनाऱ्यावर उभे राहण्याचा सल्ला इतक्या सहजपणे दिला जात आहे, म्हणून हरकत नोंदवते. या बेटावर वोंगारी म्हणजे डिंगो, तिथले रानकुत्रे, मोकळे फिरतात. २००१ मध्ये त्यांच्या हल्ल्यात एका नऊ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता. दोघी बहिणींनी निर्मनुष्य किनाऱ्यावर रात्री ट्रायपॉड लावून, एक डोळा कॅमेऱ्याला लावून, पाठ जंगलाकडे करून उभे राहावे, हे मला पटत नाही. शिवाय ओलीवाळू यांनी सांगितलेल्या पायऱ्या गाडीच्या दिव्यांत तर आणखीनच उशिरा दिसतात.

वोंगारींचे छायाचित्र काढायचेच असेल, तर दिवसा, गाडीत बसून, लांब पल्ल्याच्या लेन्सने काढावे. त्यांना खायला घालणे किंवा जवळ बोलावणे हा गुन्हा आहे. २०२३ मध्ये त्यांच्यासोबत सेल्फी काढणाऱ्या दोन महिलांना प्रत्येकी दोन हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला होता. माणसाला न भिणारा प्राणी शेवटी माणसाच्या अंगावर येतो आणि मग जीव त्या प्राण्याचाच जातो. एखाद्या चांगल्या छायाचित्रासाठी मी तरी ती किंमत मोजणार नाही.

जुनाफिल्मवाला

हरकत मान्य आहे. मी गेलो तेव्हा आम्ही पाच जण होतो आणि एकाचे काम केवळ विजेरी घेऊन मागे पाहत उभे राहण्याचे होते, हे लिहायचे राहून गेले. दोघींनीच तसे करू नये.

दक्षिणायन

मधला मार्ग आहे. स्थानिक वाटाड्यासोबत, तीन-चार गाड्यांच्या ताफ्याने जाण्याची सोय तिथे आहे. वाहन परवाना, बार्जची (गाड्या बेटावर नेणाऱ्या सपाट बोटीची) वेळ, भरतीचा अंदाज आणि टायरमधली हवा ही सगळी काळजी वाटाड्या घेतो. स्वतः गाडी भाड्याने घ्यायची असेल, तर उंच चेसिसची फोर-व्हील-ड्राइव्हच लागते, वाळूवर उतरताना टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत कमी करावी लागते आणि बाहेर पडल्यावर ती पुन्हा भरावी लागते. खाऱ्या पाण्याने झालेले नुकसान भाड्याच्या विम्यात सहसा धरले जात नाही, हे करारनाम्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते वाचूनच सही करावी.

मुक्कामाच्या बाबतीत माझे मत असे आहे की तीन रात्री पूर्वेला आणि एक पश्चिमेला किंगफिशर बे भागात काढावी. तिथल्या धक्क्यावरून सूर्यास्त खरोखर पाण्यात होतो. बेटाच्या या दोन बाजू नकाशावर अगदी जवळ दिसतात, पण मधले मार्ग मऊ वाळूचे आणि एकेरी आहेत. एका संध्याकाळी इकडून तिकडे पळण्याचा विचार सोडून द्यावा.

भिंगरी

आता मॅकेन्झी तळ्याकडे वळू या, कारण त्याच्याविषयी माझे मत बहुतेकांपेक्षा वेगळे आहे. 'सोनेरी घटिके'च्या नादात लोक तिथे पहाटे जातात आणि राखाडी पाण्याची छायाचित्रे घेऊन परततात. हे तळे केवळ पावसाच्या पाण्यावर भरते, तळाशी जवळजवळ शुद्ध सिलिकाची पांढरी वाळू आहे आणि काठापासून आत जाताना पाण्याचा रंग पारदर्शक, फिकट हिरवट-निळा आणि मग एकदम गडद निळा होतो. हे थर दिसण्यासाठी ऊन वरून पाण्यात शिरले पाहिजे. त्यामुळे भर दुपार हीच इथली योग्य वेळ आहे, सोबत परावर्तन कापणारा पोलरायझर असावा.

आणि म्हणूनच मी जुलैच्या विरोधात आहे. त्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस दुपारचा सूर्य अवघा ४१ अंशांवर असतो, तर डिसेंबरमध्ये जवळजवळ डोक्यावर येतो. तळ्याचे खरे रंग हवे असतील, तर उन्हाळ्यात जावे.

दक्षिणायन

भिंगरी, तळ्यापुरते तुमचे म्हणणे बरोबर आहे. परंतु डिसेंबरमध्ये सूर्योदय पाचच्या आधीच होतो, सुट्टीमुळे गर्दी असते, जानेवारी ते मार्च हा पावसाचा काळ असतो आणि आकाशगंगेचे केंद्र सूर्याच्या जवळ गेल्याने रात्री मिळत नाही. एका तळ्यासाठी एवढे गमवावे का? हिवाळ्यातही दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, सूर्य पाठीशी ठेवून, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून पाहिल्यास रंग पुरेसे खुलतात.

अर्धाकप

वाळूला एवढे महत्त्व का, हे मला घरी परतल्यावर समजले. त्या तळ्याकाठची वाळू पिठासारखी बारीक आहे आणि पायाखाली ती कुरकुरते. मी तिच्यावर एकदाच, फक्त एकदाच, लेन्स बदलली. परतल्यानंतर महिनाभर झूमचे कडे फिरवताना दाताखाली खडा यावा तसा आवाज येत होता आणि प्रत्येक छायाचित्रात आकाशाच्या डाव्या कोपऱ्यात तीन ठिपके हजर असत. सेन्सर साफ करून देणाऱ्याने त्या ठिपक्यांतला एक कण चिमट्यावर घेऊन मला दाखवला. तो इतका पांढरा आणि गोलसर होता की मला त्याचेही छायाचित्र काढावेसे वाटले, पण कॅमेरा त्याच्याच ताब्यात होता.

कॅमेऱ्याच्या दोन बॉडी असतील, तर एकीवर रुंद आणि दुसरीवर लांब लेन्स चढवून न्याव्यात आणि लेन्स बदलायचीच असेल, तर ती बंद गाडीत बदलावी.

जुनाफिल्मवाला

त्याच वाळूविषयी आणखी एक सांगतो. कॅमेऱ्याचे मीटर पांढऱ्या वाळूला राखाडी समजते, म्हणून एक ते दीड स्टॉप (प्रकाशाचे माप) अधिक एक्स्पोजर द्यावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आपटत नाही ना, ते पाहावे. याच्या उलट बूमांजिन तळ्यावर झाडपाल्यातील टॅनिनमुळे पाणी चहासारखे तांबूस आहे, तिथे आपोआप ठरणारे व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचे रंगसंतुलन) तो रंग पुसून टाकते. ते हाताने ठरवावे. पर्जन्यवनात, सेंट्रल स्टेशन या जुन्या लाकूडतोड वसाहतीजवळच्या वांगूल्बा ओढ्यावर, पाणी इतके स्वच्छ आणि निःशब्द वाहते की छायाचित्रात ते दिसतच नाही. तिथे पोलरायझर काढून ठेवावा आणि पाण्यावरचे प्रतिबिंब राहू द्यावे. त्या ओढ्याकाठचे अजस्र नेचे पाहून मी ट्रायपॉड उघडायचेही विसरलो होतो.

रानपाखरू

महेनोविषयी कोणी फारसे लिहिलेले नाही, म्हणून थोडे विषयांतर करते. १९०५ मध्ये बांधलेले हे प्रवासी जहाज पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडचे रुग्णालय-जहाज झाले होते. १९३५ च्या जुलैमध्ये भंगारात काढण्यासाठी ते जपानकडे ओढून नेले जात असताना वादळात दोर तुटला आणि ते या किनाऱ्यावर येऊन रुतले. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर बॉम्बफेकीचा सराव झाला. आज जे उरले आहे ते गंजून पापुद्रे सुटलेले आहे आणि त्यावर चढण्यास मनाई आहे, त्यामुळे आतून बाहेर पाहणारी चौकट मनातून काढून टाकावी. बेटाच्या नावाविषयीही एक विनंती आहे. २०२३ मध्ये अधिकृतपणे परत मिळालेले बुचुल्ला लोकांचे हे नाव इंग्रजीत 'के' अक्षराने सुरू होत असले, तरी त्याचा उच्चार होत नाही. निळाई यांनी ते नीट लिहिले, याचा आनंद वाटला.

खाडीकाठ

देवमाशांचे काय? हर्वी बे हा उपसागर याच बेटाच्या आडोशाला आहे आणि हंपबॅक देवमासे जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे विसावतात, असे वाचले आहे.

दक्षिणायन

अगदी बरोबर. उशिराच्या महिन्यांत माद्या पिल्लांसह येतात. बोटीला देवमाशापासून १०० मीटर दूर राहावे लागते, त्यामुळे १००-४०० सारखी लेन्स आणि किमान १/१००० सेकंदाचा शटरवेग ठेवावा. डोलणाऱ्या बोटीवर ट्रायपॉडचा काहीही उपयोग होत नाही. मात्र यासाठी चार रात्रींतील वेळ काढू नये. मुख्य भूमीवर परतल्यानंतर एक दिवस जास्त ठेवावा.

ड्रोन नेण्याचा विचार असेल, तर १२० मीटरची उंचीमर्यादा आणि माणसांपासून ३० मीटर अंतर हे देशभराचे नियम आहेतच, शिवाय राष्ट्रीय उद्यानाचे नियम स्वतंत्रपणे तपासावेत. मला स्वतःला किनाऱ्यावरून उडणारे छोटे विमान अधिक आवडते. त्यात बसताना गडद रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे खिडकीत प्रतिबिंब पडत नाही. पोलरायझर मात्र काढून ठेवावा, कारण खिडकीच्या प्लास्टिकमधून त्याचे इंद्रधनुषी पट्टे उमटतात.

निळाई

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवसांत माझा तक्ता ओळखू न येण्याइतका बदलला आहे, म्हणून नवा मांडते.

जुलैच्या मध्यापर्यंत तिथल्या शाळांना सुट्टी असते, असे दिसले, म्हणून जुलैअखेर ते ऑगस्ट या काळातील वद्य अष्टमीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचे दोन दिवस निवडत आहोत. त्या तारखांचा अधिकृत भरती-तक्ता काढून पाहिला. खाडीकाठ यांच्या अंदाजापेक्षा वेळ थोडी इकडेतिकडे आहे, पण सूर्योदयाला आणि अंधार पडताना किनारा मोकळा मिळतो आहे. वाटाड्यासोबतच्या ताफ्यात दोन जागा मागितल्या आहेत आणि रात्री जहाजापाशी थांबण्यास ते तयार आहेत का, हे आधीच लेखी विचारले आहे. त्यांनी नकार दिला, तर ते छायाचित्र राहिले तरी चालेल. दुपारी मॅकेन्झी, चौथी रात्र पश्चिमेला आणि देवमाशांसाठी पाचवा दिवस मुख्य भूमीवर. म्हणजे माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे दिसते की चार रात्री पुरतात, पण उत्तरेकडची इंडियन हेड टेकडी आणि त्यापलीकडची शॅम्पेन कुंडे (समुद्रकाठची खडकातली नैसर्गिक कुंडे) सोडून द्यावी लागतात. बरोबर ना?

दक्षिणायन

शॅम्पेन कुंडे सोडावीत, इंडियन हेड सोडू नये. दुसऱ्या दिवशी पिनॅकल्स सकाळच्या उन्हात लवकर उरका, कारण ते कडे पूर्वाभिमुख आहेत आणि दहानंतर त्यांचे रंग फिके पडतात. तिथून पुढे उत्तरेला जाऊन भरतीच्या आधी परतता येईल. टेकडीवरून खाली पाहताना स्वच्छ पाण्यात कासवे आणि रे मासे दिसतात, तेव्हा लांब लेन्स आणि पोलरायझर सोबत ठेवा. परतीची वेळ वाटाड्यावरच सोपवा.

ओलीवाळू

आणि पिशवीची चेन बंद ठेवा.

भिंगरी

ट्रायपॉडचे पाय रोज रात्री गोड्या पाण्याने धुवावेत, सांधे उघडून. माझा एक पाय समुद्रातून आल्यावर तसाच मिटून ठेवला होता, तो आजतागायत उघडलेला नाही. आता तो दोन पायांचाच ट्रायपॉड आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी कळवावे.